युधिष्ठिराचा रथ आणि आमच्या पद्मिनीचा टवका



काल दसरा झाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाडीला, लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं असेल. आमच्याकडे सहा वर्षांनी एका जुन्या गाडीची पूजा झाली. गेले सहा आठवडे शनिवार-रविवारचं चिंतन इथे येत नव्हतं, त्याचं कारण ही गाडी. काही जणांनी मेसेज करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत उत्तम होती. मन तेवढं मधले तीन आठवडे बरं नव्हतं, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

आजचा भाग द्रोणपर्वातला. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. द्रोणाचार्यांच्या हातात शस्त्र आहे तोवर ते आवरणार नाहीत. मग भीम अश्वत्थामा नावाचा एक हत्ती मारतो आणि अश्वत्थामा मेला असं ओरडत सुटतो. द्रोणांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. ते युधिष्ठिराला विचारतात, कारण हा माणूस त्रैलोक्याच्या राज्यासाठीही खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री असते. युधिष्ठिर मुलाचं नाव मोठ्याने घेतो आणि हत्तीचा उल्लेख कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू करतो. तोपर्यंत त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. त्या क्षणी तो जमिनीला टेकतो.

लहानपणी मला ही चार बोटं म्हणजे निव्वळ चमत्कार वाटायचा. या वेळी वाचताना मात्र मी तिथेच अडकून बसलो. आजचा प्रश्न असा: आपण बोललेला प्रत्येक शब्द खरा असेल, आणि बाकीच्या बाबतीत आपण फक्त गप्प राहिलो असू, तर ते खोटं होतं का?

गाडी

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची, आकाशी रंगाची. आजच्या मुलांना ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणूनच आठवते, आणि त्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. मूळची ही फियाट. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट या नावाने बनायची, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. आईला दवाखान्यात मला जन्म द्यायला याच गाडीतून नेलं होतं, आणि ही गोष्ट बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

गेली सहा वर्षं ती साताऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या वर्षी बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते सहज म्हणाले, "एकदा तिच्यात बसून यवतेश्वरचा घाट चढायचाय रे." मी मनावर घेतलं. उन्हाळ्यात गाडी उघडली. काचा, दारं, बंपर, दिवे, वायरिंग, सीट, सगळं काढलं. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. स्क्रू आणि बोल्ट पिशव्यांत भरून प्रत्येकीवर चिठ्ठी लावली, आणि इंजिनिअर असल्यामुळे त्या सगळ्याची एक एक्सेल शीटही केली. नुसता सांगाडा आणि सुटी दारं पेंटरकडे गेली. गंज कापून नवा पत्रा जोडणं, लांबी भरणं, घासणं, प्राइमर, रंग, सगळं करून श्रावण संपता संपता ती परत आली. टेम्पोतून दारं उतरवायला पेंटरकाकांचा पोरगा आला होता. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. प्रत्येक दार जुन्या चादरीत गुंडाळलेलं, बाळासारखं छातीशी धरून त्याने एकेक आत ठेवलं.

ताज्या रंगाची गाडी परत जोडणं हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार वेगळं आहे. सगळं आहे, सगळं चकचकीत आहे, आणि प्रत्येक वस्तू बसवताना त्या चकचकीतपणालाच धोका आहे. रंग वरून वाळलेला असतो, पण आतून कडक व्हायला त्याला अजून काही आठवडे लागतात. पान्हा निसटला की ओरखडा. म्हणून कडांना टेप लावायची, मडगार्डवर गोधडी टाकायची, अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं. बोल्ट आधी सगळे नुसते हाताने फिरवून ठेवायचे. एक आवळून टाकला की दुसऱ्याचं भोक जुळत नाही. सगळे लागले, फटी सारख्या झाल्या, मग आवळायचं. पुढची काच बसवताना रबराच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. ती रंगाने बुजली असतील तर मोकळी करायची, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी साचतं आणि गंज पुन्हा सुरू.

आणि दार कधीही एकट्याने बसवायचं नाही. एकाने दार तोलून धरायचं, दुसऱ्याने बिजागरीचे बोल्ट लावायचे. हे मला माहीत होतं. पहिल्याच रविवारी संध्याकाळी पुण्याला परत निघायची घाई होती, बाबा आत झोपले होते, आणि मला वाटलं, जमेल.

नाही जमलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार हातातून दोन इंच खाली आलं आणि त्याची कड मडगार्डला लागली. आवाजही फार झाला नाही. मडगार्डच्या कडेला नखाएवढा टवका उडाला होता आणि खालचं राखाडी प्राइमर दिसत होतं. मी दार लावलं, बंद करून बघितलं. बंद असताना टवका जवळपास दिसत नव्हता. गोधडी घडी करून ठेवली आणि पुण्याला आलो. बाबांना काही बोललो नाही.

अर्धं वाक्य

पुढच्या शनिवारी पेंटरकाका उरलेले दहा हजार घ्यायला आले. आपलं काम नीट लागतंय ना, हे बघत गाडीभोवती फिरले, दार उघडलं, आणि त्यांचं बोट बरोबर टवक्यावर थांबलं. चाळीस वर्षं रंगात घालवलेला माणूस.

"हे आमच्या पोरानं केलं असणार," ते म्हणाले. "टेम्पोतून काढताना. सांगून सांगून थकलो, साहेब."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "राहू द्या हो काका, अगदी छोटंसं आहे."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. टवका छोटा होता. राहू द्या असं मला मनापासून वाटत होतं. मी त्या पोराचं नावही घेतलं नाही.

काका म्हणाले, "नाही नाही, दोन हजार कमी द्या. त्याच्या पगारातून धरतो. त्याशिवाय शिकायचा नाही." मी एकदा "अहो कशाला" म्हणालो, जेवढं म्हणायची पद्धत असते तेवढं. त्यांनी आठ हजार मोजून घेतले आणि गेले. म्हणजे नुकसान मी केलं, त्याचा फायदाही मलाच झाला, आणि बिल एका अशा पोराच्या नावावर गेलं जो तिथे हजरही नव्हता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. कोडची कुठलीही ओळ शेवटी कोणी आणि केव्हा बदलली, ते ती लगेच सांगते. त्यामुळे ऑफिसमध्ये मी प्रामाणिक आहे. स्वतःच्या चुका मीटिंगमध्ये स्वतःहून सांगतो, ज्युनिअर मुलांनाही तेच शिकवतो. त्या शनिवारी मला पहिल्यांदा शंका आली की त्यातला किती प्रामाणिकपणा माझा आणि किती त्या कमांडचा. पत्र्यावर गिट ब्लेम चालत नाही.

तीन आठवडे मी स्वतःशी वाद घातला. वाद घालण्यात आपण सगळे हुशार असतो. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी खोटं बोललोच नव्हतो. काकांनीच अंदाज बांधला. दोन हजार म्हणजे फार नाहीत. आता सांगितलं तर काकांनाच ओशाळल्यासारखं होईल, मग उगाच का दुखवायचं? या शेवटच्या मुद्द्याला तर मी शास्त्राचा आधारही शोधला. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. कोणाला उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय आणि हितकर असं बोलणं. मी त्यातलं 'उद्वेग न देणारं' आणि 'प्रिय' एवढंच उचललं. पण ती पर्यायांची यादी नाही, की चारातलं सोयीचं एक निवडा. ते सगळं एकत्र असेल तेव्हा त्याला तप म्हटलंय. आणि 'कोणाला' या शब्दात त्या पोराला मी धरलंच नव्हतं.

परतीचा रस्ता

दरम्यान गाडीचं काम पुढे सरकत होतं. वायरिंग टाकून झालं, मागचे दिवे लावले, बॅटरी जोडली. आणि गोंधळ सुरू झाला. उजवा मागचा दिवा मिणमिणता. ब्रेक दाबला की ब्रेकच्या दिव्याऐवजी इंडिकेटर अंधुक पेटायचा. मी फ्यूज बघितले, बल्ब बदलले, स्विच उघडला, मल्टिमीटर घेऊन एकेक वायर तपासली. सगळं बरोबर. एक अख्खा रविवार गेला.

बाबा खुर्चीवर बसून चहा पीत बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे, अर्थ बघितलास का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा गाडीत बहुतेक दिव्यांकडे वीज वायरने जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. बॅटरीचं एक टोक पत्र्यालाच जोडलेलं असतं. म्हणून दिव्याचा सांगाडा जिथे पत्र्यावर बसतो तिथे धातूला धातू लागला पाहिजे. मेकॅनिक लोक त्याला 'अर्थ' म्हणतात. आमच्या गाडीवर तिथे सुंदर, जाड, नवाकोरा रंग होता. रंगातून वीज जात नाही. परतीचा रस्ता बंद झाला की वीज दुसऱ्या बल्बमधून वाट काढते, आणि नको तो दिवा पेटतो.

उपाय एकच. मी दिवा काढला, खरखरीत पॉलिश पेपर घेतला, आणि डिकीच्या आतून बोल्टच्या भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढा रंग घासून काढला. ज्या रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून महिनाभर अंगठी काढून काम करत होतो, तो स्वतःच्या हाताने खरवडला. उघडा पत्रा दिसला. दातेरी वायसर घातलं, बोल्ट आवळला, गंजू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली लावली. ब्रेक दाबला. बाबा मागून म्हणाले, "लागला."

मला तिथे डिकीत अर्धा वाकलेला असतानाच ते पोरगं आठवलं. माझी चूक माझ्याकडे परत यायचा रस्ता मीच बंद करून ठेवला होता. ती थांबली नव्हती. तिने दुसऱ्या कोणाच्या तरी अंगातून वाट काढली होती.

मी डिकीतून बाहेर आलो आणि बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोराचे पैसे आजच दे. दसऱ्याच्या आत."

संध्याकाळी वर्कशॉपवर गेलो. काका आणि ते पोरगं, दोघंही होते. मी दोन हजार पुढे केले आणि सांगितलं, "काका, तो टवका माझ्या हातून उडाला. दार एकट्याने लावत होतो. तुम्ही बोललात तेव्हा मी गप्प बसलो. यानं काही केलेलं नाही."

मला वाटत होतं काका चिडतील, किंवा म्हणतील, जाऊ द्या साहेब. ते दोन्ही बोलले नाहीत. त्यांनी पोराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हा म्हणत होता, मी नाही केलं. मी याला सगळ्यांदेखत खोटारडा म्हटलं."

या वाक्याची मी तयारी केली नव्हती. माझ्या हिशोबात फक्त दोन हजार होते. त्या पोराने खरं सांगितलं होतं आणि माझ्या गप्प राहण्यामुळे त्याचं खरं खोटं ठरलं होतं. पैसे खिशातून काढून देता येतात. तीन आठवडे त्याच्याकडे ज्या नजरेनं सगळे बघत होते, ते परत कसं देणार?

मी त्याची माफी मागितली. सगळे कामगार होते, त्यांच्यासमोरच मागितली, कारण अपमानही त्यांच्यासमोरच झाला होता. तो काही क्षण हातातल्या पेपरशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "दादा, ते दार जड असतं. एकट्यानं कशाला लावलंत?"

मग उत्तर काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गप्प राहणं हे खोटं असतं का?

प्रत्येक वेळी नसतं. आपल्याला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगितलीच पाहिजे असं नाही. मित्राचं गुपित राखणं खोटं नाही. आजारी माणसाला एखादी गोष्ट योग्य वेळी सांगायची म्हणून थांबणं खोटं नाही. मग फरक कुठे आहे? मला वाटतं, आपण चुकीची कसोटी लावतो. आपण विचारतो, 'मला कोणी विचारलं होतं का?' किंवा 'माझं वाक्य शब्दशः खरं होतं का?' या दोन्ही कसोट्यांवर मी निर्दोष सुटतो. हत्तीचं नाव खरंच अश्वत्थामा होतं, म्हणून युधिष्ठिरही शब्दांपुरता सुटतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या गप्प राहण्याची किंमत कोण भरतंय? मीच भरत असेन तर तो संयम असू शकतो. दुसरा कोणी भरत असेल, आणि त्याला ते माहीतही नसेल, तर शब्द कितीही खरे असोत, ते खोटंच आहे.

युधिष्ठिराकडे निदान कारण होतं. समोर सैन्य कापलं जात होतं, साक्षात श्रीकृष्णांचा सल्ला होता. तरीही महाभारत त्याला मोकळं सोडत नाही. रथ टेकतो. शेवटी स्वर्गारोहणपर्वातही त्याला थोडा वेळ नरक बघावा लागतो, आणि द्रोणांना फसवल्याचं हे फळ आहे असं इंद्र त्याला सांगतो. माझ्याकडे ना युद्ध होतं ना सल्ला. मला फक्त बाबांसमोर आणि काकांसमोर हाताचा हलका ठरायचं नव्हतं.

आणखी एक शंका तुमच्या मनात येईल, माझ्याही आली होती. उशिरा सांगणं हे त्या पोरासाठी होतं की माझ्या झोपेसाठी? खरं सांगायचं तर दोन्हीसाठी. पण इथेही एक साधी खूण आहे. नुसतं मन हलकं करायचं असतं तर मी काकांना फोन केला असता, किंवा हे आधी इथेच लिहून तुमच्याकडून 'किती प्रामाणिक' असं ऐकून घेतलं असतं. ज्याचं गेलं त्याला ते परत मिळालं का, आणि जिथे गेलं तिथेच मिळालं का, एवढं बघायचं. नाव सर्वांदेखत गेलं असेल तर कबुली कानात देऊन भागत नाही.

रथाबद्दल मात्र माझं मत थोडं बदललंय. जमिनीला टेकणं ही मला आजवर फक्त शिक्षा वाटायची. पण टेकल्यावरही तो रथ चालतच राहिला, इतर सगळ्यांचे रथ चालतात तसा. आपण चार बोटं वर आहोत हा समज माझ्याही मनात होता. रोज पहाटे उठून चिंतन लिहिणाऱ्या माणसाला तो सहज होतो. तो गेला ते बरं झालं. परतीचा रस्ता शेवटी जमिनीतूनच जातो.

काल सकाळी ते पोरगं घरी आलं, मीच बोलावलं होतं. छोट्या बाटलीतला आकाशी रंग आणि बारीक ब्रश घेऊन बसलं. टवक्याच्या कडा घासल्या, तीन हात मारले, मधे वाळू दिलं. झाल्यावर म्हणालं, "तीनशे होतील दादा." मी दिले. आईने त्याला श्रीखंड-पुरी वाढली. जवळून बघितलं तर तिथला रंग किंचित वेगळा दिसतो. बाबा म्हणाले, असू दे.

मग पूजा झाली, आपट्याची पानं वाहिली, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा पुढे बसले. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरवर चढलो. मागून येणाऱ्या एकाने हॉर्न वाजवून अंगठा दाखवला. ब्रेकचे दोन्ही दिवे लागत होते.

आजच्या दिवसासाठी एवढंच करून बघा. आठवून बघा, आपण कुठे गप्प राहिलोय आणि त्याचे पैसे, किंवा नाव, दुसरं कोणी भरतंय का. ऑफिसमध्ये, घरात, भावंडांत. एखादं सापडलं तर इथे लिहू नका. ज्याला सांगायला हवं, त्याच्याकडे जा.

उद्या पुन्हा नेहमीच्या वेळी भेटू.